आमची वाटचाल : आधी कारण, मग रीबूट

२००९ साली सांगलीच्या विश्रामबागला गाळा घेतला तेव्हा पाटीवर 'कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती' एवढंच लिहिलं होतं. लिनक्सकडे, म्हणजे फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे, आम्हाला वळवलं ते मार्केट यार्डातल्या अडत्यांनी. हळदीचे आणि बेदाण्याचे हिशोब तोवर एकेका पीसीवर चालत. पुढं दुकान, गोदाम आणि कोल्ड स्टोरेज या तिन्ही ठिकाणी एकच हिशोब दिसायला हवा, अशी मागणी यायला लागली. परवान्यांचा खर्च न वाढवता ते जमवायचं तर लिनक्सशिवाय पर्याय नव्हता. सेंटओएस हा लिनक्सचा एक प्रकार, वर अपाची हा वेब सर्व्हर आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, अशी सुरुवात झाली. नंतर मिरजेतली हॉस्पिटलं आली, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने आले, पतसंस्था आल्या. विक्री आम्ही कधीच बंद केली. आता सर्व्हर सांभाळणं हाच धंदा.

या धंद्यात आमचा एक नियम पहिल्यापासून आहे : कारण कळल्याशिवाय रीबूट करायचं नाही. "दादा, सर्व्हर लटकलाय, बंद-चालू करू का?" असा फोन सौद्याच्या दिवशी हमखास येतो. शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबासाठी, काउंटरवर ताटकळत असतात, दिवाणजींचा जीव टांगणीला लागलेला असतो. त्यांची घाई खरी आहे. तरीही आमच्याकडे कामाला असलेला मुलगा आधी थोडा वेळ मागून घेतो, कारण रीबूट केलं की कुठली प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) अडकली होती, मेमरी कोणी खाल्ली होती, हा सगळा पुरावा पुसला जातो. सर्व्हर चालू होतो खरा, पण पुढच्या सौद्याला पुन्हा तेच.

सगळ्यात जास्त तक्रारी डिस्क भरल्याच्या. ऐकायला साधी, पण नवख्या माणसाला चकवणारी. एका अडत दुकानात पट्ट्या निघेनात. डीएफ कमांड सांगत होती, डिस्क शंभर टक्के भरली. डीयूनं फोल्डरांची बेरीज केली तर निम्मीसुद्धा भरत नव्हती. झालं असं होतं की, तिथल्या कोणीतरी जागा करायची म्हणून एक भलीमोठी लॉग फाइल (प्रोग्रॅमच्या कामाची नोंदवही) उडवली होती, पण जावाचा प्रोग्रॅम अजून त्याच फाइलीत लिहीत होता. लिनक्समध्ये फाइलीचं नाव गेलं म्हणून तिची जागा सुटत नाही. ती उघडून बसलेली शेवटची प्रोसेस सोडेपर्यंत डिस्कवरची जागा अडकूनच राहते. एलएसओएफ कमांडनं अशा 'डिलीटेड' फाइली दिसतात. आम्ही तेवढी एकच सर्व्हिस रीस्टार्ट केली, जागा मोकळी झाली. मग लॉगरोटेट लावून दिलं, म्हणजे लॉग ठरावीक मापाला पोचला की आपोआप गुंडाळला जातो.

दुसरा प्रकार याहून फसवा. डिस्कवर जागा भरपूर, तरी 'नो स्पेस लेफ्ट'. तिथं 'डीएफ'ला 'आय' जोडून इनोड बघायचे. प्रत्येक फाइलीला एक इनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी नोंद, लागतो आणि ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-मांडणीत त्यांची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. वेब प्रोग्रॅम लिहायच्या पीएचपी भाषेच्या लाखो बारीकबारीक सेशन फाइली (वापरणाऱ्यांच्या तात्पुरत्या नोंदी) साचल्या की इनोड संपतात, जागा तशीच पडून राहते. मोठी फाइल शोधत बसणाऱ्याला हे कधी सापडायचं नाही.

मिरजेतल्या एका हॉस्पिटलात लोड ॲव्हरेज, म्हणजे कामाच्या रांगेतल्या प्रोसेसची सरासरी, चाळिसाच्या घरात होता आणि सीपीयू मात्र निवांत. नवा प्रोसेसर घ्यायचा सल्ला त्यांना आधीच कोणीतरी देऊन ठेवला होता. लिनक्सच्या लोडमध्ये सीपीयूची वाट बघणाऱ्या प्रोसेस धरतात, तशा डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या उत्तरासाठी अडकलेल्याही धरतात. प्रोसेसची यादी देणाऱ्या 'पीएस'मध्ये त्यांच्यापुढं 'डी' हे अक्षर दिसतं. एक्स-रे ठेवायच्या स्टोरेजची केबल सैल झाली होती. केबल बदलली, काम संपलं. नव्या प्रोसेसरचे पैसे वाचले याचा मला आजही आनंद वाटतो. पेशंटच्या बिलातूनच तो खर्च निघाला असता.

डेटाबेस मधूनच गायब होण्यामागं बहुतेक वेळा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर असतो. मेमरी संपली की तो सहसा सगळ्यात जास्त मेमरी व्यापणारी प्रोसेस मारतो आणि मायएसक्यूएल आकारानं मोठा, म्हणून मरतो तोच. चूक बहुधा अपाचीला सोडलेल्या बेसुमार वर्करांची (एकाच वेळी विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसची) असते. कर्नलचे निरोप दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये सगळं लिहिलेलं असतं, वाचायचं तेवढं राहतं.

परवानगीची अडचण आली की ७७७ (सगळ्यांना वाचायची, लिहायची, चालवायची मुभा) देऊन मोकळं व्हायचं, या सवयीचा मला मनापासून राग आहे. एका कारखान्यात कोणी होम फोल्डरलाच ७७७ दिलं आणि दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची एसएसएचची चावी चालेनाशी झाली. ज्या फोल्डरात कोणीही लिहू शकतं तिथल्या चावीवर एसएसएच विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

खरी कसोटी महापुरानं घेतली. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मशीनं वरच्या मजल्यांवर चढवली होती, पण वीज कित्येक दिवस नव्हती. पाणी ओसरल्यावर चालू करायला घेतली तर काही सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये थांबले. धावपळीत बॅकअपची डिस्क वेगळी ठेवली गेली होती आणि कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत तिची नोंद तशीच होती. सिस्टिम तिचीच वाट बघत बसली. त्या नोंदीत 'नोफेल' लिहिलं की डिस्क नसली तरी सर्व्हर वर येतो. काहींच्या मदरबोर्डवरचा सेल संपून तारीख मागं गेली होती, त्यामुळं सुरक्षित जोडणीची चांगली सर्टिफिकेटं 'अजून वैध नाहीत' असं दाखवत होती. क्रोनीनं वेळ जुळवली, तक्रार मिटली. तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाची बॅकअपची एक प्रत नदीपासून लांब, दुसऱ्या गावात असते, आणि ती नुसती ठेवत नाही, रीस्टोअर करून बघतो.

आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं इथल्याच कॉलेजांतली. पहिल्या दिवशी त्यांना रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड मिळत नाही, वही मिळते. तक्रार काय, कोणत्या कमांडनं काय दाखवलं, कारण काय निघालं, हे हातानं लिहायचं. पुण्याला मोठ्या पगारावर गेलेली मुलंही अडलं की फोन करून "सर, वहीत बघता का जरा?" म्हणतात.

सेंटओएस ८ चा आधार, म्हणजे सुधारणांचे अपडेट मिळणं, ३१ डिसेंबर २०२१ ला संपला तेव्हा आम्ही त्याच धर्तीच्या अल्मालिनक्सकडे वळलो. सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला संपला, तरी जुनं सॉफ्टवेअर बदलवत नाही म्हणून काही कारखाने अजून त्यावरच आहेत. ती मशीनं इंटरनेटपासून तोडून ठेवली आहेत आणि एकेक करून हलवतोय. सध्या कुपवाडच्या एका फौंड्रीचं काम चालू आहे. नवा सर्व्हर जुन्याच्या शेजारी लावलाय, आणि दोन्हींचे आकडे रोज संध्याकाळी त्यांच्या अकाउंटंट ताई स्वतः ताडून बघतात. त्या हो म्हणाल्या की जुना बंद करू.