युनियनचं वार्षिक विवरणपत्र भरताना

कामगार संघटनेची खजिनदारी सांभाळताना 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याखालची विवरणपत्रं, म्हणजे निबंधकाला (युनियनची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) द्यायचे वर्षाचे जमाखर्च, मी भरली, नवी औद्योगिक संबंध संहिता लागू होण्याआधीच्या काळात. पहिली ठेच वर्षाची लागायची. त्या कायद्यात युनियनचा हिशेब 31 डिसेंबरला बंद व्हायचा, 31 मार्चला नाही. ऑडिटरला आधी बजावलं नाही, तर तो सवयीने मार्चचा ताळेबंद करून द्यायचा आणि सगळं पुन्हा करावं लागायचं.

खरा वेळ जातो तो पावती पुस्तकांत. आम्ही पुस्तकं देताना विभागप्रमुखाची सही आणि अनुक्रमांक नोंदवहीत घेत होतो. डिसेंबरअखेर प्रत्येक पुस्तक परत मागवायचं, अर्धवट असलं तरी. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच हव्यात. स्थळप्रत (पुस्तकात राहणारी प्रत) आहे आणि मूळ पावती नाही, तर ती रक्कम जमा धरली जाते. मग सभासद नोंदवहीशी ताळा. समजा 300 सभासद, महिना 20 रुपये: वर्षाची वर्गणी 72,000. पावत्या 64,000 च्या निघाल्या, तर 8,000 ची थकबाकी नावानिशी दाखवता आली पाहिजे. इथे फरक पडतो तो बहुधा निवृत्त झालेल्यांची नावं न वगळल्यामुळे. गेटवर जमलेली रोकड बँकेत भरण्याआधीच चहापाणी, रिक्षा, बॅनर यांवर खर्च होते, हे दुसरं कारण. जमा पूर्ण भरायची आणि खर्चासाठी वेगळी उचल घ्यायची, एवढं पाळलं की कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) जुळते.

खर्चाला त्या कायद्याच्या कलम 15 ची चौकट होती. पगार, कार्यालय, ऑडिट, कोर्टकचेरी, संप, आजारी किंवा मृत सभासदाच्या कुटुंबाला मदत, हे सगळं साधारण निधीतून चालायचं. निवडणुकीतल्या उमेदवाराची पत्रकं चालत नव्हती. त्यासाठी कलम 16 प्रमाणे स्वतंत्र राजकीय निधी लागायचा आणि त्याची वर्गणी कोणावरही सक्तीची करता येत नव्हती. हे पैसे एकत्र ठेवणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं, कारण नंतर ते वेगळे काढता येत नाहीत.

विवरणपत्रासोबत वर्षभरात बदललेले पदाधिकारी आणि नियमांतली दुरुस्तीही कळवावी लागायची. हे हमखास राहायचं. उशिराचा दंड नाममात्र होता, पण निबंधकाच्या नोटिशीकडे दुर्लक्ष केलं तर नोंदणी रद्द होऊ शकत होती. म्हणून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघायचं नाही.