आमची वाटचाल : किल्ली कार्डातच राहिली पाहिजे

जळगावच्या एमआयडीसीतील एका डाळमिलच्या कार्यालयात २०११ साली आम्ही पहिला कार्ड रीडर बसवला, तेव्हा संस्थेत मी आणि माझा भागीदार असे दोघेच होतो. मिलचे मालक आप्पा यांना अमळनेर, चोपडा आणि एरंडोल येथील खरेदी केंद्रांचा हिशेब रोजच्या रोज ब्राउझरवरून भरून हवा होता. पासवर्ड एका मुनीमजींकडून दुसऱ्याकडे जातो आणि आपण तूर कोणत्या भावाने घेतली हे बाजारभर होते, ही त्यांची तक्रार होती. पासवर्डऐवजी रीडरमध्ये घालून प्रवेश मिळवायचे चिपचे स्मार्ट कार्ड आम्ही सुचवल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "याची नक्कल निघते का?" प्रायव्हेट की, म्हणजे कार्डधारकाची ओळख पटवणारी स्वाक्षरी करणारी गुप्त किल्ली, चिपमध्येच तयार केली आणि ती बाहेर न निघणारी ठेवली, तर नक्कल निघत नाही, असे मी सांगितले. त्या उत्तरावर आमची संस्था उभी राहिली.

कार्डे तयार करण्याचे काम भागीदाराचे होते आणि त्याच्याइतक्या निगुतीने ते करणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. ओपनएससी या स्मार्ट कार्डांच्या सॉफ्टवेअरच्या साधनांनी तो कार्डावर की तयार करी, प्रमाणपत्राची विनंती-फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन आमच्या सीएच्या, म्हणजे प्रमाणपत्रांवर स्वाक्षरी करणाऱ्या आमच्याच यंत्रणेच्या, लॅपटॉपवर नेई आणि स्वाक्षरी झालेले प्रमाणपत्र, म्हणजे कार्ड कोणाचे हे सांगणारी फाइल, पुन्हा कार्डात भरी. हा लॅपटॉप कधीही नेटवर्कला जोडलेला नव्हता आणि तो कुलपाच्या कपाटातच असे. डाळीची भुकटी रीडरच्या फटीत बसून चिपला स्पर्श होईनासा होई, म्हणून कार्डाचे सोनेरी संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायला त्यानेच मुनीमजींना शिकवले. मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये खिडकीशी ठेवलेले कार्ड वाकते, हेही आम्ही तेथेच शिकलो.

कार्ड हरवले किंवा मुनीमजी नोकरी सोडून गेले, की त्यांचे प्रमाणपत्र रद्द यादीत, म्हणजे सीआरएलमध्ये जाई आणि त्या यादीतले कार्ड सर्व्हर नाकारी. प्रमाणपत्रे व याद्या काढणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या मूळ मांडणीप्रमाणे आमच्या यादीची मुदत ३० दिवसांची होती. भागीदार दर महिन्याला कपाट उघडून नवी यादी काढी, ती सर्व्हरवर ठेवी आणि अपाचे हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर पुन्हा चालू करी. हे काम त्याने कधी बोलून दाखवले नाही आणि मी कधी विचारले नाही. घरच्या कारणाने तो २०१६च्या सप्टेंबरअखेर संस्था सोडून गेला. शेवटची यादी त्याने ३० सप्टेंबरला काढली होती.

३० ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. वहीपूजनानंतर आप्पा मुहूर्ताची पहिली नोंद करायला बसले आणि सुरक्षित जोडणी झाली नाही, एवढाच संदेश पडद्यावर आला. यादीची मुदत संपली की एखादेच रद्द कार्ड अडत नाही, सर्वच कार्डे नाकारली जातात. आणि ही नकारघंटा हँडशेकमध्येच, म्हणजे पान उघडण्याआधी सर्व्हर आणि ब्राउझर एकमेकांची ओळख पटवतात तेव्हाच, वाजत असल्याने खुलासा देणारे आमचे पानही ग्राहकाला दिसत नाही. आमचे अकराही ग्राहक एका संध्याकाळी बंद पडले. मुनीमजींना वाटले की पिनच चुकतो आहे, म्हणून त्यांनी आठवतील ते आकडे टाकून कार्डे लॉक केली. पाडव्याला आणि भाऊबीजेला मी पीयूकेची, म्हणजे लॉक झालेली कार्डे उघडणाऱ्या क्रमांकांची, वही घेऊन मोटारसायकलने चोपडा, अमळनेर, एरंडोल असा फिरत होतो, रीडरचे ड्रायव्हर काढून पुन्हा घालत होतो. दोष सर्व्हरवर होता आणि मी तो लोकांच्या टेबलांवर शोधत होतो. भाऊबीजेच्या रात्री सर्व्हरचा लॉग उघडला, तेव्हा एरर १२ समोर आला : सीआरएलची मुदत संपली आहे.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. पण त्या तीन दिवसांत दुसऱ्या शहरातील एका संस्थेचा माणूस आमच्या ग्राहकांकडे जाऊन आला होता. "हेच तंत्र, रीडरशिवाय", असे सांगून त्याने पीएफएक्स फाइली, म्हणजे की आणि प्रमाणपत्र एकत्र असलेल्या फाइली, ईमेलने दिल्या आणि त्यांचा पासवर्डही त्याच ईमेलमध्ये लिहिला. अकरापैकी सात ग्राहक गेले. मला आजही राग आहे तो ग्राहक गेल्याचा नाही, त्या अर्धसत्याचा आहे. हँडशेकवर स्वाक्षरी दोन्ही पद्धतींत होते हे खरे. पण फाइल कितीही यंत्रांवर उतरवता येते आणि ती कोणी उतरवली हे कोणालाच कळत नाही. पुढे त्यांतल्या एका जिनिंगच्या मालकांनी मला बोलावले, तेव्हा त्यांची एकच फाइल चार संगणकांवर होती.

आप्पा राहिले. "भाऊ, कार्ड खोटं नही, तुम्ही चुकनात," एवढे म्हणून त्यांनी चहा मागवला आणि वर्षभराचे देखभालीचे पैसे आगाऊ दिले. त्या पैशांवर आम्ही तरलो. त्यानंतरची वर्षे कामात गेली.

नव्याने हे काम करणाऱ्यांनी यादीची मुदत ३० दिवसांची ठेवली तरी ती दर आठवड्याला नव्याने काढावी आणि मुदतीआधी दहा दिवस सर्व्हरने स्वतः इशारा द्यावा. प्रत्येक केंद्राला दोन कार्डे द्यावीत. रीडरमधून कार्ड काढले की सत्र, म्हणजे चालू लॉगिन, आपोआप संपते, असा ग्राहकाचा समज होऊ देऊ नये. ते संपवण्याची सोय आपल्याच प्रणालीत करावी लागते. कार्डाने प्रवेश देण्यासाठी स्वतंत्र सबडोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा वेगळा उप-पत्ता, ठेवावे, कारण एचटीटीपी/२ या ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या पद्धतीमध्ये जोडणी चालू असताना पुन्हा वाटाघाटी करून प्रमाणपत्र मागता येत नाही. ज्याच्या हातात कपाटाची किल्ली आहे, त्याची सर्व कामे तो असतानाच लिहून घ्यावीत.

आमचा लॅपटॉप आता दर सोमवारी कपाटाबाहेर येतो आणि नोंदवहीत दोघांच्या सह्या होतात. लक्ष्मीपूजनाला मी दुपारीच आप्पांच्या मिलमध्ये जातो, यादीची तारीख पाहतो आणि पहिली नोंद होईपर्यंत तेथेच थांबतो.