आमची वाटचाल : बॉक्स विकण्यापासून तारखा सांभाळण्यापर्यंत

आम्ही धंद्यात पडलो तेव्हा कोल्हापुरात नेटवर्किंग म्हणजे बीएसएनएलची लीज लाइन, एक मोडेम, त्याच्यामागं राउटर, त्याच्यामागं स्विच, संपला विषय. पतसंस्थेच्या शाखा हेड ऑफिसला जोडायच्या, साखर कारखान्याचा वजनकाटा ऑफिसला जोडायचा, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत ईआरपी, म्हणजे हिशोब-स्टॉकचं सॉफ्टवेअर, चालेल एवढं बघायचं. बॉक्स, म्हणजे राउटर-स्विच, विकायचा, कॉन्फिग मारायचं म्हणजे त्याची सेटिंग करायची, वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, घ्यायची. आणि एएमसी म्हणजे काय, तर बंद पडलं की फोन, फोन आला की आमचा पोरगा गाडीला किक मारून कन्सोल केबल (लॅपटॉप थेट राउटरला जोडायची वायर) खांद्याला अडकवून हजर. बंद पडलं नाही तर वर्षभर कोण कुणाला विचारत नव्हतं, आणि गिऱ्हाईकाला वाटायचं पैसे फुकट गेले.

सॉफ्टवेअर अपडेट हा शब्द तर कुणी काढतच नव्हतं. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा, हे मालकांचं पण मत आणि खरं सांगायचं तर बऱ्याच इंजिनिअर लोकांचं पण. राउटरमधे जे सॉफ्टवेअर कारखान्यातनं भरून आलं तेच शेवटपर्यंत.

त्या काळात आमच्याकडं सगळ्यात जास्त बसलेला बॉक्स म्हणजे सिस्कोचा २९११ राउटर. दणकट माल, नाद नाही करायचा. त्याची विक्री कंपनीनं डिसेंबर २०१७ ला बंद केली आणि सपोर्टची शेवटची तारीख दिली ३१ डिसेंबर २०२२. आता इथं लोकांचा घोळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. कंपनी साधारण सहा महिने आधी जाहीर करते की अमुक मॉडेल विकायचं बंद, ती पहिली तारीख. विक्री बंद झाली म्हणून सपोर्ट लगेच जात नाही, हार्डवेअरला तिथनं पुढं पाच वर्षं मिळतात. पण त्या पाच वर्षांच्या आत आणखी तारखा लपलेल्या असतात, सॉफ्टवेअरचे साधे बग दुरुस्त करणं कधी थांबणार, सिक्युरिटीचे पॅच, म्हणजे फटी बुजवणारे अपडेट, कधी थांबणार, नवीन सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट कधीपर्यंत घेता येणार. साधे बग दुरुस्त होणं तर शेवटच्या तारखेच्या कितीतरी आधी थांबतं. म्हणजे डबा कागदावर सपोर्टमधे आहे पण त्याच्यातल्या सॉफ्टवेअरकडं कुणी बघत नाही, असा मधला एक काळ असतो आणि गिऱ्हाईकाला तो कधीच कुणी सांगत नाही. दुकानदार फक्त एकच तारीख सांगतो, वॉरंटीची.

आमचं डोकं या बाजूला वळलं ते २०१८ ला. एप्रिलमधे मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमधे, विनबॉक्स म्हणजे ते सांभाळायच्या प्रोग्रॅमच्या वाटेत, चोराला शिरता येईल अशी फट सापडली, कंपनीनं लगेच दुरुस्त करून ६.४२.१ व्हर्जन दिलं, फुकट, कसलं कॉन्ट्रॅक्ट नको काही नको. तरी पुढं महिनोन्‌महिने लोकांनी अपडेट केलंच नाही आणि जगभरात दोन लाखाच्या वर राउटरमधे कॉइनहाइव्ह घुसलं, म्हणजे तुमच्या राउटरमधनं जाणाऱ्या माणसाच्या ब्राउझरवर दुसराच कुणीतरी क्रिप्टोची नाणी खणणार. आम्ही तेव्हा ज्यांच्याकडं मायक्रोटिक होता त्यांची यादी काढून एकेकाकडं जाऊन अपडेट मारत सुटलो. आणि नुसतं अपडेट मारून भागत नव्हतं, कारण त्या फटीतनं पासवर्डची फाइलच बाहेर वाचता येत होती, म्हणजे अपडेटनंतर पासवर्ड बदलला नाही तर जुनी किल्ली चोराकडं तशीच. विनबॉक्सचं पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरनं आत यायचं दार, बाहेरून बंद करणं हे तिसरं काम. एका मेसवाल्या मामांनी विचारलं, "बिल किती करणार हे?" आणि खरंच आमच्याकडं त्याचा दरच नव्हता. बंद पडलेलं चालू करायचा दर होता, चालू असलेलं चालू ठेवायचा नव्हता.

मग आला २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटापर्यंत गेलं, शाहूपुरी व्यापारी पेठ सगळं पाण्यात, हायवे शिरोलीजवळ बंद. ज्यांचे रॅक तळमजल्याला होते त्यांचे राउटर चिखलासकट हातात आले. पाणी उतरल्यावर इन्शुरन्सचा सर्व्हेअर येऊन पहिलं काय मागतो तर मॉडेल, सीरियल नंबर, खरेदीची तारीख. चिखल भरलेल्या डब्यावरचं स्टिकर वाचणार कसं? आमच्याकडं मायक्रोटिकच्या वेळची यादी होती, ती आम्ही सगळ्या मालाला वाढवली, एक्सेलमधे एक शीट, गिऱ्हाईक, जागा, मॉडेल, सीरियल, सॉफ्टवेअर व्हर्जन. क्लेमसाठी केलेली ती शीट पुढं आमचा धंदा होईल असं तेव्हा कुणाच्या मनात पण नव्हतं.

पुराच्या गडबडीत आणखी एक झालं. नवीन माल यायला वेळ, गिऱ्हाईकाला काउंटर उद्या चालू पाहिजे, त्यामुळं जिल्ह्यात रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेल्या आणि दुरुस्त केलेल्या, मालाचा पण पूर आला. मुंबईचा एक सप्लायर फोनवर "फुल्ल सपोर्ट, टेन्शन घेऊ नका" म्हणायचा आणि सीरियल नंबर टाकून बघितला की कॉन्ट्रॅक्टला बसतच नाही. रिफर्बिश्ड वाईट असं माझं म्हणणं नाही, कपाटात स्पेअर म्हणून ठेवायला झकास, पॉवर सप्लाय गेला तर तासात बदलून देता येतं. पण हेड ऑफिसचा मुख्य राउटर म्हणून कुणी तो गळ्यात मारत असेल तर कोटेशनवर सपोर्टची तारीख लिहून मागा, बघा कसा फोन कट करतो ते.

त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सिक्युरिटीचं सविस्तर फ्रेमवर्क, म्हणजे नियमांची चौकट, काढलं, बँकेच्या पातळीनुसार नियम वेगळे. आधीचं मूलभूत परिपत्रक २०१८ चं होतंच. मग आयटी ऑडिटर लोक प्रश्न विचारायला लागले, तुमच्याकडं काय काय उपकरणं आहेत, पॅच कधी मारला, सपोर्ट कधीपर्यंत. मॅनेजर साहेब घाबरून आम्हाला फोन करणार, आणि आमच्याकडं शीट तयार. त्यात आम्ही फक्त तारखांचे कॉलम वाढवले आणि दर सहा महिन्यांनी कंपन्यांची बुलेटिन बघून भरायला लागलो. तिथनं एएमसीचा रेट वाढवून मागायची हिंमत आली.

मालक लोकांशी भांडण मात्र तेच. कागलच्या एका कारखानदार अण्णांचा डायलॉग ठरलेला, "चालतंय की ओ, चांगलं पळतंय, कशाला बदलायचं?" माझा पार्टनर म्हणाला, "अण्णा, पीयूसी इन्शुरन्स संपलेली गाडी पण चालतीच की, पण काही झालं तर कुणाच्या अंगावर?" अण्णा हसले, चहा पाजला, राउटर बदलला नाही. २०२१ ला सिस्कोनं आरव्ही ११०डब्ल्यू, १३०, १३०डब्ल्यू आणि २१५डब्ल्यू या छोट्या ऑफिसच्या राउटरबद्दल जाहीर करून टाकलं की यात गंभीर फट आहे, दहापैकी ९.८ मार्कांची, पण यांची मुदत संपली म्हणून दुरुस्ती देणार नाही, नवीन घ्या. ती नोटीस मी अण्णांना मराठीत लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवली कारण अगदी तसलाच डबा त्यांच्या गेस्ट हाउसला होता. तो बदलला. मुख्य राउटर अजून एक वर्ष भांडून मग बदलला.

अपडेटचं काम बाहेरून सोपं दिसतं म्हणून एक रात्र सांगतो. पतसंस्थेचं हेड ऑफिस, दिवसअखेर झाल्याशिवाय हात लावायचा नाही, त्यामुळं सुरुवातच रात्री. आधी कॉन्फिगचा बॅकअप लॅपटॉपवर आणि वर एक पेन ड्राइव्हवर. मग नवीन इमेज, म्हणजे सॉफ्टवेअरची फाइल, राउटरच्या फ्लॅश मेमरीत कॉपी करायची, जागा आहे का बघायची, जुनी इमेज उडवायची नाही म्हणजे नाही. कॉपी झाली की एमडी५, म्हणजे फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारा आकडा, जुळवायचं, पोरं इथंच कंटाळा करतात, फाइल अर्धवट उतरलेली असली तर राउटर परत उठतच नाही आणि मग सकाळी शाखांचे फोन. मग रीलोड, म्हणजे राउटर बंद होऊन परत चालू. त्यानंतरची दोन-चार मिनिटं कन्सोलवर # या हॅशच्या खुणांची रांग सरकत असते आणि कुणी बोलत नाही, वॉचमन काका पण मागं उभं राहून बघतात. शेवटी पिंग मारल्यावर, म्हणजे पलीकडं हाक पोचते का बघितल्यावर, पाच उद्गारचिन्हं आली की जीव भांड्यात. ठिपके आले, म्हणजे उत्तर नाही, तर चहा विसरा.

जुन्या डब्यांचा आणखी एक ताप म्हणजे नव्या लॅपटॉपवरनं त्यांच्यात शिरताच येत नाही, एसएसएच, म्हणजे लांबून सुरक्षित शिरायचा प्रोग्रॅम, म्हणतो की किल्ल्या एक्स्चेंज करायची पद्धतच जुळत नाही, कारण त्या जुन्या पद्धती आता कमजोर म्हणून बंद केल्यात. म्हणून आमच्या ऑफिसात एक जुनाट लॅपटॉप मुद्दाम जपून ठेवलाय, सीरियल पोर्टवाला, त्याला कुणी हात लावलेला मला चालत नाही.

आता कोटेशन देताना आम्ही किमतीच्या शेजारी सपोर्टची अंदाजे शेवटची तारीख लिहितो. ज्या कंपन्या असल्या तारखा जाहीरच करत नाहीत त्यांचा माल आम्ही मुख्य जागी बसवत नाही, कितीही स्वस्त असो, यावरनं काही ऑर्डरी गेल्या, जाऊ देत. आणि बदलायचं वेळापत्रक कंपनीच्या तारखेवर नाही तर इथल्या कॅलेंडरवर बसवावं लागतं. साखर कारखान्यात गाळप हंगाम चालू असताना राउटरकडं बोट दाखवलं तरी शेतकी ऑफिस अंगावर येतं, पतसंस्थेत मार्चमधे जायचंच नाही, फौंड्रीत साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच. म्हणून डिसेंबरला सपोर्ट संपणार असेल तर कारखान्याला आम्ही त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातच कोटेशन देतो, संचालक मंडळाच्या मीटिंगला वेळ धरून.

सध्या शीटमधे जास्त लाल झालंय, म्हणजे काम बाकी आहे, ते मायक्रोटिकच्या बाजूला, सहा नंबरच्या व्हर्जनवरनं सातवर न्यायचं काम. सात स्थिर म्हणून आलं डिसेंबर २०२१ ला, पण राउटिंग फिल्टरची, म्हणजे कुठला रस्ता घ्यायचा कुठला नाही या नियमांची, भाषाच बदलली, म्हणून जिथं बीजीपी (मोठ्या नेटवर्कनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) आहे तिथं नुसतं अपग्रेडचं बटण दाबून चालत नाही, फिल्टर एकेक ओळ तपासून घ्यावी लागते, आणि १६ एमबी मेमरीवाल्या डब्यांत जागेची मारामार. हे काम दोन नव्या पोरांना दिलंय, आधी टेबलावर तसलाच डबा लावून करायचं आणि मगच साइटवर. इचलकरंजीची यादी या महिन्यात, गडहिंग्लजची त्याच्यानंतर.