चाळिशीचा चष्मा आणि मागाचं अंतर

वडगावातल्या आमच्या यंत्रमागावर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला, की तो फणीतून, म्हणजे धागे वेगवेगळे ठेवणाऱ्या बारीक दात्यांच्या पट्टीतून, पुन्हा ओवावा लागतो. गेल्या वर्षापासून हेच काम जड जाऊ लागलं. दिवसा दाराच्या उजेडात कसंबसं जमायचं. दिवेलागणीनंतर फणीची घरं एकमेकांत मिसळायची. वाचायचा चष्मा चाळिशी ओलांडल्यावरच लागला होता. पण माग चालवताना तो घातला तरी पुसट आणि काढला तरी पुसट.

शेजारी म्हणाले, बाजारातून तयार चष्मा आण. मला ते पटलं नाही. तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर सारखाच असतो, माझ्या डोळ्यांचा वेगळा आहे. शिवाय चाळिशीनंतर डोळ्यातला दाब तपासून घेतलेला बरा. या दाबाशी जोडलेला काचबिंदू बहुतेकदा न दुखता, न कळता वाढतो.

बेळगावात दवाखान्यात डॉक्टरांनी नीट समजावलं. डोळ्यातलं भिंग लहानपणी मऊ असतं. जवळचं बघताना भोवतीचा स्नायू आवळतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगतं. वयाबरोबर ते कडक होत जातं, मग स्नायूने कितीही जोर लावला तरी फुगत नाही. दहा वर्षांच्या पोराला ७-८ सेंटिमीटरवरचंही स्पष्ट दिसतं, चाळिशीत ही हद्द २०-२५ सेंटिमीटरवर जाते, साठीला जवळपास १ मीटरवर. हे सगळ्यांचंच होतं, बारीक कामामुळं डोळे बिघडले असं नाही. हे ऐकून मोठं ओझं उतरलं. आणि उजेडाचं कोडंही सुटलं: लख्ख उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते, त्यामुळं पुसटपणा कमी होतो.

नंबर काढणाऱ्या मुलीनं वाचायचं कार्ड हातात दिलं. अधिक २ नंबरावर बारीक अक्षरंही चोख दिसली. तेवढ्यावर उठलो असतो, पण मी मागाचं सांगितलं. तिनं लगेच विचारलं, "मामा, धागा ओवताना फणी डोळ्यापासनं किती लांब असते?" मी उभा राहून, वाकून दाखवलं. तिनं टेप लावली, ६५ सेंटिमीटर. अधिक २ च्या काचेतून अर्ध्या मीटरपलीकडचं पुसटच दिसणार! मग तिनं काचा बदलत बदलत अधिक सव्वावर आणलं, आणि तेवढ्याच अंतरावर धरलेल्या दोऱ्याचे पीळ मला वेगळे दिसले.

एकाच काचेत सगळी अंतरं बसवणारा चष्माही मिळतो. पण त्याच्या खालच्या भागातून पायाखालची जमीन पुसट दिसते, आणि मागांमधल्या अरुंद वाटेनं दिवसभर ये-जा करणाऱ्याला ते धोक्याचं. मी मागाचा चष्मा वेगळा करून घेतला. नंबर साठीपर्यंत बदलत राहणार, तेव्हा अधूनमधून दाखवायला हवं.

घरी मंडळी कांड्या भरतात, म्हणजे छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळतात. त्यांचं अंतर माझ्यापेक्षा कमी आहे. ते मोजून चिठ्ठीवर लिहून ठेवलंय, पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन जातोय.