मोडेम अखेर लागला
आज सांगलीत दिवसभर पाऊस, आणि विश्रामबागेतल्या खोलीत मी नेटच्या एका यूएसबी मोडेमपुढे बसलेलो. उबुंटूत (ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) जोडला की तो सीडी म्हणून दिसायचा. असे बरेच मोडेम पोटात विंडोजचं सॉफ्टवेअर घेऊन येतात, म्हणून आधी सीडी होतात. यूएसबी-मोडस्विच या छोट्या प्रोग्रॅमने संदेश पाठवला की मग मोडेम होतात. तेवढं जमलं, पण ड्रायव्हर, म्हणजे मोडेम चालवणारा प्रोग्रॅम, फक्त सोर्स कोडमध्ये होता; तो आपणच बनवून घ्यायचा.

कोडपासून प्रोग्रॅम बनवणारं 'मेक' चालवलं आणि एररनी पडदा भरला. कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, हेडर्सच नव्हते; त्या फाइल्सशिवाय ड्रायव्हर बनत नाही! आणि ते चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचेच लागतात. आवृत्ती जुळली नाही तर बनवलेलं मॉड्यूल (म्हणजे ड्रायव्हर) लोड व्हायला नकार देतं. हेडर्स उतरवायला नेट हवं, नेटसाठी तर हा सगळा खटाटोप. शेवटी दादाने फोन दिला, केबलने टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला घेतलं.

रात्री पावणेनऊला कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये 'टीटीवाय-यूएसबी०' ही ओळ दिसली, म्हणजे मोडेम ओळखला गेला, आणि मी आईला जोरात हाक मारली. तिला काय झालं ते कळलं नाही, पण तीही हसली. कुणीतरी हा कोड लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवला, त्या माणसाचे मनापासून आभार.

उद्या डीकेएमएस बसवतो, ते नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप बनवतं, नाहीतर कर्नल अपडेट झाला की पुन्हा हेच.