आतली सूज आणि थेंबांचा उतरता क्रम

यंदा जूनमध्ये, गोव्यातील डिचोलीत पावसाने जोर धरला त्याच आठवड्यात, माझ्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढून भिंग बसवण्यात आले. पट्टी काढल्यावर कुळागरातील, म्हणजे सुपारीच्या बागेतील, पोफळी मोजता येतील इतके स्वच्छ दिसू लागले आणि तिथेच मी फसलो. सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडचे थेंब दिवसातून सहा वेळा सुरू करून दर आठवड्याला एकेकाने कमी करायचे होते. लाली गेली म्हणून मी ते बाराव्या दिवशीच बंद केले.

चार दिवसांत उजेड खुपू लागला आणि भुवईखाली ठणका लागला. डॉक्टरांनी आधी जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली, कारण त्यात तासभराचा उशीरही महागात पडू शकतो. मग स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या झोतात त्यांना डोळ्याच्या पुढच्या भागातील पाण्यात दाहाच्या पेशी तरंगताना दिसल्या. प्रेडनिसोलोन हे तेच स्टिरॉइड दर दोन तासांनी, नेपाफेनॅक हे स्टिरॉइड नसलेले दाहशामक तीन वेळा आणि बुबुळ भिंगाला चिकटू नये यासाठी बाहुली मोठी ठेवणारे होमॅट्रोपिन असे औषध ठरले. या शेवटच्या थेंबांनी माझे वर्तमानपत्र वाचणेच बंद पाडले.

प्रेडनिसोलोनचे औषध तळाशी बसते, त्यामुळे बाटली प्रत्येक वेळी हलवावी लागते, हे मला तेव्हाच कळले. पहिले बारा दिवस मी बहुधा वरचे पाणीच डोळ्यात घालत होतो. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवायचे आणि थेंब घातल्यावर नाकालगतचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरते. हे सारे सूनबाई घड्याळ लावून करून घेई.

सहाव्या आठवड्यात दाराची चौकट वाकडी दिसू लागली. डोळ्यातील पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी तपासणीत दृष्टिपटलाच्या मध्यभागाची जाडी 420 मायक्रॉन भरली. ती साधारण 250च्या आसपास असते. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी अशी सूज येऊ शकते, असे डॉक्टरांनी सांगितले आणि नेपाफेनॅक लांबवले. त्यातच स्टिरॉइडमुळे डोळ्याचा दाब 15 वरून 27 वर गेला. दाब उतरवणारे टिमोलॉल देण्यापूर्वी त्यांनी दमा आहे का, हे दोनदा विचारले, कारण त्या थेंबांनी दमा बळावू शकतो.

चतुर्थीला गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी पुतण्यांनी बांधली; मी खाली बसून सुपारीचे घोस हातात देत राहिलो. नोव्हेंबरमध्ये जाडी 268, दाब 16 आणि शेवटचा थेंब बंद झाला, तोही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया जानेवारीत आहे.