ओव्हन कोणता घेऊ?

मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "तुम्ही घरी पाव करता ना? मग सांगा, ओव्हन कोणता घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा येतो. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याची सुट्टी लागली की जास्तच. मी त्यांना उलट विचारलं, "सुट्टीत कुठे जाताय?" म्हणाल्या, गोव्याला. मी म्हटलं, "मग तिथून आल्यावर घ्या. आणि तिकडे एखादी पावाची भट्टी बघून या." त्यांना वाटलं असेल, ही उत्तर द्यायचं टाळते आहे. टाळत नव्हते. चार मजल्यांत सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

आमच्या घरी पहिला ओव्हन आला तेव्हा मी सलग चार केक बिघडवले. वरून काळपट, सुरी घातली तर आत ओलं पीठ. मला वाटायचं, प्रमाण चुकतंय. मैदा कमी कर, दही वाढव, असं महिनाभर चाललं. शेवटी एका मैत्रिणीने आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणून दिला. बटण 180 वर होतं आणि आतला काटा 210 दाखवत होता. मग मी बटण 150 वर ठेवायला लागले आणि केक सुधारला. पण नानकटाई तरीही जमेना. तळ पांढरा आणि डोकं तपकिरी. तेव्हा लक्षात आलं की आच किती आहे एवढं कळून भागत नाही, ती कुठून येते तेही कळावं लागतं. आणि हे मला लहानपणी कोणीतरी सांगितलेलं होतं.

आमचं आजोळ राजापूरकडचं. भाद्रपदात गणपतीला गेलो की आजी धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, करायची. पावसाळ्यात वेलावर राहून पिवळं पडलेलं मोठं तवसं (काकडी) ती किसायची, किसाला सुटलेलं पाणी टाकायची नाही. त्याच पाण्यात गूळ विरघळवायचा, भाजलेला तांदळाचा रवा आणि ओलं खोबरं घालून घट्ट होईपर्यंत शिजवायचं आणि मग तूप लावलेल्या जाड पातेल्यात केळीच्या पानावर थापायचं. खाली चुलीतली लाकडं मागे ओढून नुसते निखारे ठेवायचे. पातेल्यावर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर नारळाची सोडणं नि करवंट्या पेटवून केलेला विस्तव. मी चिमट्याने निखारे सारखे करायला बसायची. आजी सांगायची, "खाली आठाणे, वर बाराणे." खालून पातेलं तापलेलंच असतं, लवकर लागतं, म्हणून खाली आच कमी, वर जास्त. पाऊण तासाने गुळाचा वास बदलायचा, गोडसर होता तो खरपूस व्हायचा. ते तिचं घड्याळ. झाकण उचलायच्या आधी ती त्यावरची राख सुपलीत काढायची, कण आत पडू नये म्हणून. झाकण निघालं की वरचा थर गडद तांबूस, कडेला पातेल्यापासून जरा सुटलेला. आणि आम्ही पोरं कडेचा तो चिवट तुकडा कोणाला यावर भांडायचो.

घरी भाजण्याची कला आपल्याकडे ओव्हनबरोबर आली असं कोणी म्हटलं की मला हे पातेलं आठवतं.

दुसरी शाळा म्हणजे सांगलीतली आमच्या गल्लीजवळची बेकरी. माझ्या वयाच्या पुष्कळांनी हे केलं असेल. मेच्या सुट्टीत आई मैदा, डालडा, पिठीसाखर, वेलची असं सगळं डब्यांत भरून बेकरीत न्यायची. तिथे काळ्या पत्र्याचे मोठे ट्रे मिळायचे. बायका फरशीवर बसून तूप-साखर हाताने फेसायच्या. तूप पांढरं होऊन हाताला हलकं लागेपर्यंत थांबायचं नाही, हे तिथे शिकले. आम्ही गोळे वळून प्रत्येकावर बोटाने खळगा करायचो, त्यात एक चारोळी. घरची सामग्री, त्यांची भट्टी आणि भाजणावळ किलोवर.

पण बेकरीवाले दुपारी तीनच्या आत कधी येऊ द्यायचे नाहीत. आई चिडायची, उन्हाचं कशाला बोलावतात म्हणून. त्याचं कारण मला कितीतरी वर्षांनी समजलं. लाकडाची भट्टी रात्री पेटवतात. विस्तव बाहेर ओढला की ती सगळ्यात तापलेली असते, तेव्हा पाव जातात. पावाला जोरदार आच लागते. मग भट्टी हळूहळू उतरते. त्या उतरत्या आचेला बिस्किटं, नानकटाई. आणि अगदी शेवटी, नुसती ऊब उरली की कापलेल्या पावाचे तुकडे आत ठेवून त्यांचे टोस्ट वाळवतात. एकदा जाळलेल्या लाकडावर दिवसभराचा माल निघतो. आमची नानकटाई दुपारी तीनला जायची, कारण तिला हवी असलेली आच दुपारी तीनलाच मिळायची! भट्टीतले काका आत मूठभर मैदा भिरकावायचे आणि तो किती वेळात तांबूस होतो ते बघायचे. लगेच काळा पडला तर म्हणायचे, "ताई, अजून अर्धा तास बसा." थर्मामीटर तो हाच.

म्हणून मी कुठेही गेले की आधी भट्टी शोधते. घरचे देवळात किंवा किल्ल्यावर असतात, मी पहाटेच कुठल्यातरी गल्लीत वास घेत फिरते. आता तर मुलंच विचारतात, "आई, इथली बेकरी सापडली का?"

गोव्यात सासष्टी तालुक्यातल्या एका घरात आम्ही चार दिवस राहिलो होतो. सकाळी सायकलचा पों-पों भोंगा वाजला की पोदेर, म्हणजे पाववाला, आला. मागे बांबूची मोठी टोपली, वर प्लास्टिकचा कागद. आत उंडे, कोंड्यात घोळलेली पोई, फुलपाखरासारखा कातऱ्याचा पाव आणि बांगडीसारखी कडक काकणं, चहात बुडवायला. आपल्या 'पाव' या शब्दाचं मूळ पोर्तुगीज आहे, तिकडे भट्टीलाही पोर्तुगीजवरूनच 'फोर्न' म्हणतात. पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरायचे. आता माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, त्यामुळे बहुतेक ठिकाणी यीस्टच. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "भट्टी बघायला येऊ का?" तो म्हणाला, "पहाटे चारला या, नंतर काही दिसायचं नाही."

गेले. कमरेएवढ्या उंचीवर छोटं तोंड, आत घुमटासारखं छत. चपटी गोल पोई लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून थेट तापलेल्या जमिनीवर सरकत होती. ट्रे नाही, काही नाही. मी मनात मोजत होते; दोन मिनिटांच्या आत प्रत्येक पोई फुगून टम्म झाली. खालून एकदम आच लागते, आतल्या पाण्याची वाफ होते आणि वरचा पापुद्रा उचलला जातो. आपली फुलकी फुगते तसंच. म्हणून पोई आतून पोकळ असते आणि तिच्यात भाजी भरता येते. घरी माझी पोई कधीच फुगत नव्हती, कारण मी ती गार ट्रेवर ठेवून आत सरकवत होते. आल्यावर मी भाकरीचा जाड लोखंडी तवा ओव्हनमध्ये उपडा घातला, अर्धा तास पूर्ण तापवला आणि पोई त्यावर टाकली. फुगली. त्या सकाळी मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली.

मुंबईत धोबी तलावला कयानी अँड कंपनी 1904 पासून आहे. तिथे ब्रून मस्का, म्हणजे कडक कवचाचा पाव आणि लोणी, मागवला की पाव आधी हातात घेऊन दाबून बघा. कवच करकरीत, आत मऊ. असं कवच यायला भाजणीच्या सुरुवातीला भट्टीत वाफ लागते. ओलसर हवेत वरचा थर लगेच सुकत नाही, पाव नीट फुलतो आणि मग पातळ, कडक साल धरते. घरी मी तळाला रिकामी लोखंडी कढई तापवते आणि पाव आत गेला की तिच्यात अर्धी वाटी उकळतं पाणी ओतून दार लावते. (हात जपा, आणि पाणी दाराच्या काचेवर उडू देऊ नका.)

पुण्याच्या कयानी बेकरीत, ती 1955 सालची, श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग असते ती सगळ्यांना माहीत आहे. ते बिस्किट उलटून बघा. तळ नि माथा यांच्या रंगात फारसा फरक नसतो. एवढं सारखं भाजणं मला अजून जमलेलं नाही.

खाण्याच्या नादात पावाकडे कोणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या जाड स्लाइस येतात, नाशकात पाव. कोल्हापूरचा तो ब्रेड रश्श्यात बुडवला तरी लगेच विरघळत नाही. पातळ स्लाइस असती तर तोंडापर्यंत पोचली नसती. वडापावाची लादी सुटी करताना कडा बघा, त्या पांढऱ्या आणि धाग्यासारख्या असतात. पाव एकमेकांना चिकटून भाजले जातात, त्यामुळे बाजूंना आच लागतच नाही. सुटे भाजले तर चारही बाजूंनी साल धरेल आणि वडा दाबताना पाव फुटेल. घरी लादी करणार असाल तर गोळे अर्ध्या बोटाच्या अंतरावर ठेवा, फुलून एकमेकांना टेकले पाहिजेत.

आणि एकदा विदर्भात नात्यातल्या एका शेतावर पानगे खाल्ले. कणकेचे जाड गोळे पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या आरावर. धूर निघून गेला आणि गोवऱ्या पांढऱ्या पडल्या तेव्हाच ठेवायला घेतले. मी घाई करत होते, तर तिथल्या मावशी म्हणाल्या, "जाळ दिसते तोवर भाजत नाही, जळते." मग गरम वरण आणि वरून तूप. ओव्हन आधी पंधरा-वीस मिनिटं रिकामा तापवायचा असतो, तो का, हे मला इतकं स्पष्ट कोणत्याच माहितीपुस्तकात मिळालं नव्हतं. ओव्हनमधल्या विजेच्या कांड्या लाल असतात तेव्हा जाळ असतो; भिंती तापून आतली हवा स्थिर झाली की भाजणं सुरू होतं.

तर वहिनी, आता तुमचं उत्तर.

28 ते 30 लिटरचा ओटीजी, म्हणजे कांड्यांवर तापणारा विजेचा छोटा ओव्हन, घ्या. त्याहून छोट्यात भांडं कांड्यांच्या फार जवळ येतं. वरची कांडी, खालची कांडी आणि दोन्ही, असे तीन पर्याय असलेलाच बघा. साधा मायक्रोवेव्ह यासाठी उपयोगाचा नाही, त्यात पदार्थातलं पाणी तापतं पण आतली हवा तापत नाही, म्हणून काही तांबूस होत नाही. कन्व्हेक्शन, म्हणजे आत गरम हवा फिरवणारा, असेल तर चालेल. त्याच दिवशी ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर घ्या. तो घेतल्याशिवाय बटणावर विश्वास ठेवू नका.

आठाणे-बाराणे कसे करायचे? बहुतेक ओटीजीत कांड्यांची आच वेगवेगळी कमी-जास्त करता येत नाही, पण जाळीचे खाचे असतात. भांडं एक खाच खाली सरकवलं की खालून बाराणे, वर नेलं की वरून. नानकटाईला मी खालून दुसऱ्या खाचेवर ठेवते, 160 वर, अठरा-वीस मिनिटं. बाहेर काढताना ती मऊच असते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. कडक होईपर्यंत आत ठेवू नका.

आणि यातलं काहीच लगेच घ्यायचं नसेल तर घरचा कुकर आहे. शिट्टी आणि रबर काढा, तळाला दोन वाट्या जाडं मीठ, वर स्टँड, झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. मग केकचं भांडं ठेवून गॅस बारीक, चाळीस मिनिटं. आत पाणी घालायचं नाही. वरून रंग कमी येतो, कारण वर विस्तव नाही. पण केक उत्तम होतो.

गेल्या भाद्रपदात मी ओटीजीत धोंडस केलं. दोन वाट्या तवशाचा कीस पाण्यासकट, एक वाटी तांदळाचा रवा तुपावर भाजून, एक वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ. शिजवून घट्ट झाल्यावर जाड बुडाच्या डब्यात केळीच्या पानावर थापलं, वरून दुसरी खाच, दोन्ही कांड्या, 180 वर पंचेचाळीस मिनिटं. राजापूरच्या काकू आल्या होत्या. त्यांनी झाकण नसलेल्या डब्याकडे जरा संशयाने बघितलं. मग कडेचा तुकडा तोडला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "वरून बरोबर आहे. खालून अजून दोन आणे दे."